पुढे ढकलले की वर, मागे ओढले की खाली: पोर्शे ९११ च्या पीडीके गिअरबॉक्सचा प्रकरण अभ्यास

२००८ च्या मध्यास पोर्शेने आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारची सुधारित आवृत्ती बाजारात आणली. जाणकार तिला ९९७.२ म्हणून ओळखतात. रस्त्यावर धावणाऱ्या ९११ ला त्या वर्षी प्रथमच सात गिअरचा, दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मिळाला. ‘पोर्शे डोप्पेल-कुप्लुंग’, म्हणजे पोर्शेचा दुहेरी क्लच, या जर्मन नावाची आद्याक्षरे घेऊन त्याला पीडीके म्हणतात. यंत्र म्हणून तो उत्तमच होता. कारखान्याच्या आकड्यांनुसार हाताने गिअर बदलायची कॅरेरा, म्हणजे ९११ चे मूळ मॉडेल, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत ४.९ सेकंदांत पोहोचत असे, पीडीके बसवलेली ४.७ सेकंदांत, आणि स्पोर्ट क्रोनो हे वेगवान चालवण्यासाठीचे जादा पॅकेज घेतले असेल तर ४.५ सेकंदांत. इतका चपळ गिअरबॉक्स हाताशी असूनही चालकाला त्याच्याशी बोलण्यासाठी दिलेले साधन, म्हणजे स्टिअरिंगवरचे स्विच, पहिल्या दिवसापासून टीकेचे धनी झाले आणि साधारण वर्षभरात पोर्शेला त्यांच्या जोडीला पर्याय म्हणून पॅडल द्यावी लागली. येथे पॅडल म्हणजे पायाखालचे पेडल नव्हे, तर स्टिअरिंगच्या मागे बोटांना लागणारे धातूचे किंवा प्लास्टिकचे पाते. चूक नेमकी कोठे झाली आणि पॅडल आल्याने काय बदलले, हे तपासणे हा या लेखाचा विषय आहे.

आधी तो स्विच जवळून पाहू. तीन आऱ्यांच्या स्टिअरिंगच्या दोन्ही आडव्या आऱ्यांवर, घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी हात ठेवले असता अंगठा जिथे आपोआप टेकतो तिथे, एकेक सरकता स्विच होता. त्याचा दर्शनी भाग अंगठ्याखाली येई आणि मागचा भाग तर्जनीच्या टोकाला लागे. अंगठ्याने तो पुढे, म्हणजे डॅशबोर्डच्या दिशेने, ढकलला की वरचा गिअर पडे आणि मागून बोटाने स्वतःकडे ओढला की गिअर एकाने खाली येई. डावा आणि उजवा असे दोन्ही स्विच अगदी हीच कामे करत. म्हणजे कोणत्याही हाताने गिअर चढवता येई आणि कोणत्याही हाताने उतरवता येई. चढवणे आणि उतरवणे यांत फरक होता तो केवळ दिशेचा: ढकलणे की ओढणे.

शांत रस्त्यावर, निवांत चालवताना, यात काही अडचण भासत नसे. अडचण सुरू होई ती गाडी तिच्या स्वभावाप्रमाणे, म्हणजे वेगाने, चालवायला घेतल्यावर. जोरात ब्रेक दाबला की चालकाचे शरीर पुढे झुकते, खांदे पट्ट्यावर येतात आणि तळहात स्टिअरिंगवर रेटले जातात. गिअर उतरवण्याची गरज नेमकी याच क्षणी असते, पण त्यासाठी या स्विचवर बोटाने मागे ओढावे लागत होते. गाडी वेग घेऊ लागली की पाठ आसनात रुतते आणि हात मागे खेचले जातात. गिअर चढवायचा तो याच वेळी, आणि स्विच मात्र अंगठ्याने पुढे ढकलायला सांगत होता. दोन्ही प्रसंगी शरीर एका दिशेला जात होते आणि हुकूम उलट दिशेने द्यावा लागत होता. डोके शांत असेल तर माणूस हे लक्षात ठेवतो. वळण अंगावर येत असताना मात्र हाताला जे सहज सुचते तेच तो करतो, आणि मूळ दोष मला येथेच दिसतो.

हा दोष किती गंभीर आहे ते कळायला गिअरबॉक्सच्या पोटात डोकावावे लागते. पीडीकेमध्ये एकाच आसाभोवती, एकात एक बसवलेले, तेलात बुडालेले दोन क्लच असतात. पहिला क्लच एक, तीन, पाच, सात आणि रिव्हर्स हे गिअर सांभाळतो, तर दुसरा दोन, चार आणि सहा हे गिअर सांभाळतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धावत असते तेव्हा पहिला क्लच बंद, म्हणजे जोडलेला, असतो. दुसऱ्या क्लचच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या आसावर, मात्र चौथा किंवा दुसरा गिअर आधीच गुंतवून ठेवलेला असतो. तो केवळ इशाऱ्याची वाट पाहत असतो. इशारा मिळाला की एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा पकडतो, त्यामुळे चाकांकडे जाणारी ताकद खंडित होत नाही. साध्या गिअरबॉक्समध्ये क्लच दाबणे, गिअरचा दांडा हलवणे आणि क्लच सोडणे या तीन क्रियांत जो वेळ जातो तो येथे उरतच नाही. याचा परिणाम असा की साखळीतील सर्वांत संथ दुवा आता यंत्राचा राहिलेला नसून माणसाच्या बोटाचा झालेला आहे. चालकाने चुकीचा इशारा दिला तर यंत्र तो त्याच तत्परतेने अमलात आणते. सावरायला मधे अवकाश उरत नाही.

आकड्यांत सांगायचे तर ९९७.२ च्या पीडीकेमध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.२९, तिसऱ्याचे १.६५ आणि चौथ्याचे १.३० आहे. इंजिनाची कमाल मर्यादा ७,५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ७,५०० फेरे, धरू. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ५,००० आरपीएमवर, म्हणजे ताशी सुमारे शंभर ते एकशेदहा किलोमीटर वेगाने, लांबट वळण घेत आहे आणि चालकाला चौथा गिअर हवा आहे असे समजा. त्याने अंगठा पुढे ढकलण्याऐवजी घाईत बोट मागे ओढले, तर दुसरा गिअर पडतो आणि इंजिन ५,००० वरून एकदम ६,९४० च्या आसपास जाते. मर्यादा ओलांडली गेलेली नसल्यामुळे संगणकाला हा हुकूम नाकारायचे कारण सापडत नाही. नाकारण्याची वेळ येते ती तिसऱ्या गिअरमध्ये साधारण ५,४०० आरपीएमच्या पुढे, कारण तिथून दुसरा गिअर टाकला तर इंजिन ७,५०० च्या वर फेकले जाईल. त्याखालच्या पट्ट्यात संगणक इंजिनाचे रक्षण करतो, पण चालकाच्या हेतूचे रक्षण तो करू शकत नाही. ९११ चे इंजिन मागच्या धुरीच्याही मागे असते. वळणाच्या ऐन मध्यावर मागच्या चाकांना अचानक इंजिनाचा ब्रेक बसला आणि वजन पुढे सरकले, तर मागची चाके हलकी होतात आणि गाडीची शेपूट बाहेर पडू पाहते. ९११ चालवणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पहिली शिकवण हीच आहे की वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका. उलट्या दिशेला गेलेला एक गिअर नेमके तेच घडवून आणतो.

दुसरी चूक इतकी नाट्यमय नसली तरी तितकीच त्रासदायक आहे. वळणापूर्वी वेग उतरवताना चालकाला दुसरा गिअर हवा असतो, पण रेटलेल्या अंगठ्यामुळे स्विच पुढे जातो आणि चौथा पडतो. इंजिन ५,००० वरून ३,९४० आरपीएमवर येते, इंजिनाचा ब्रेक ढिला पडतो, आणि ज्या क्षणी गाडी आवळल्यासारखी वाटायला हवी त्याच क्षणी ती हातातून सुटल्यासारखी वाटते. चालक आपोआप ब्रेक अधिक दाबतो आणि गिअर सुधारायला दोनदा बोट ओढतो. येथे दुहेरी क्लचची एक अंगभूत मर्यादा आडवी येते. चौथा आणि दुसरा हे दोन्ही गिअर एकाच शाफ्टवर आहेत, त्यामुळे त्या दोघांत थेट हवाली करता येत नाही. मधे तिसऱ्याचा आधार घ्यावा लागतो किंवा क्षणभर ताकद तोडावी लागते. एका गिअरचा बदल झटपट होतो, पण चुकून दोन गिअरचे अंतर पडले की ते भरून काढायला जाणवण्याइतका वेळ लागतो. आपला अंदाज घेऊन संगणकाने पुढचा गिअर आधी गुंतवलेला असतो हेही येथे लक्षात ठेवावे लागते. वेग वाढत असताना तो वरचा गिअर तयार ठेवतो, ब्रेक लागला की खालचा. चालकाने त्याच्या अंदाजाविरुद्ध मागणी केली तर आधी गुंतवलेला गिअर काढून दुसरा गुंतवावा लागतो. म्हणून वळणापूर्वी ब्रेक लावून मग गिअर मागणे, हा जुन्या चालकांचा क्रम, या गिअरबॉक्सलाही मानवतो.

मग पोर्शेसारख्या कंपनीने असा स्विच का दिला असेल? मला त्याचे मूळ घराण्यातच दिसते. १९९० च्या सुमारास ९११ मध्ये टिपट्रॉनिक, म्हणजे स्वयंचलित पण हवे तेव्हा हातानेही बदलता येणारा, गिअरबॉक्स आला तेव्हा त्याचा गिअरचा दांडा पुढे ढकलला की गिअर चढे आणि मागे ओढला की उतरे. पुढे टिपट्रॉनिक एस आला तेव्हा स्टिअरिंगच्या दोन्ही आऱ्यांवर अंगठ्याने वर-खाली दाबायची बटणे आली, आणि तीही दोन्ही बाजूंना सारखी. पीडीकेच्या दांड्यानेही पुढे म्हणजे वर हीच दिशा राखली आणि स्विचने दांड्याचे अनुकरण केले. गाडीच्या आत सर्वत्र एकच नियम असावा हा विचार त्यामागे दिसतो आणि तो विचार म्हणून चुकीचा नाही. शिवाय या रचनेत एक खरा गुण होता, जो टीकाकारांनी फारसा मोजला नाही. स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवले की त्याला जोडलेली पॅडल बाजू बदलतात. उजवे पाते डावीकडे येते, डावे उजवीकडे जाते, आणि हात स्टिअरिंगवरून सरकलेले असतील तर चालकाचा गोंधळ होतो. पुढे-मागे सरकणाऱ्या स्विचची दिशा मात्र स्टिअरिंग कितीही फिरले तरी तीच राहते, आणि जो हात जवळ असेल त्याने काम भागते. कागदावर हा युक्तिवाद निर्दोष आहे. फक्त त्यात हाताचा हिशेब झाला आणि धडाचा राहून गेला.

त्याहून मोठी अडचण म्हणजे २००८ पर्यंत जगाची सवय वेगळी बनून गेली होती. २६ मार्च १९८९ रोजी रिओ द जानेरोच्या जाकारेपाग्वा ट्रॅकवर शर्यतीचा चालक नायजेल मॅन्सेल याने अभियंते जॉन बर्नार्ड यांनी रचलेली फेरारी ६४० गाडी जिंकवली. फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणाऱ्या गाडीचा तो पहिलाच विजय होता, आणि तोही तिच्या पहिल्याच शर्यतीत. भर शर्यतीत मॅन्सेलला थांबून स्टिअरिंगच बदलून घ्यावे लागले होते, तरीही तो जिंकला. उजवे पाते गिअर चढवते आणि डावे उतरवते, हा क्रम त्यानंतर रूढ झाला. १९९७ मध्ये फेरारीने तो एफ३५५ च्या रूपाने रस्त्यावर आणला. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मध्ये दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स दिला तेव्हा त्याच्याबरोबरही पॅडल होतीच. म्हणजे पीडीके येईपर्यंत ज्या चालकाने एकदा तरी कोणत्याही कंपनीची पॅडल हाताळली होती, त्याची बोटे उजवे अधिक, डावे उणे हेच शिकून आलेली होती.

दुहेरी क्लचची मूळ कल्पना पोर्शेची नव्हती, पण शर्यतीच्या गाड्यांत तिच्यावर पोर्शेने फार आधीपासून काम केले होते, म्हणून ही चूक अधिक चुटपुट लावते. १९८० च्या दशकात पोर्शेने आपल्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत पीडीके वापरून पाहिला. टर्बो इंजिनात, म्हणजे ज्यात हवा दाबून भरली जाते अशा इंजिनात, गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडावा लागला की टर्बोचा दाब पडतो आणि तो पुन्हा भरेपर्यंत गाडी ओढत नाही, तर या गिअरबॉक्समुळे तो दाब टिकून राहत असे. १९८६ मध्ये इटलीतील मॉन्झा येथे हान्स योआखिम श्टुक आणि डेरेक बेल या चालकांनी पीडीके बसवलेल्या ९६२ ने शर्यत जिंकली. तेव्हाचा गिअरबॉक्स जड होता आणि त्याला चालवणारी इलेक्ट्रॉनिक्स पुरेशी समर्थ नव्हती. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो तयार व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. वीस वर्षे यंत्रावर इतक्या निष्ठेने मेहनत केलेल्यांकडून शेवटच्या बोटभर अंतरावर हयगय व्हावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

सप्टेंबर २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या वाहन प्रदर्शनात ५०० अश्वशक्तीची नवी ९११ टर्बो मांडली गेली, आणि तिच्यासोबत पोर्शेने प्रथमच पॅडल असलेले स्पोर्ट्स स्टिअरिंग जादा किमतीचा पर्याय म्हणून दिले. उजवे पाते वरचा गिअर, डावे पाते खालचा गिअर. वरवर पाहता एक स्विच गेला आणि दुसरा आला एवढेच घडले. पण बदल खोल होता, कारण आता दोन्ही क्रिया ओढण्याच्याच झाल्या. ढकलण्याचा प्रश्नच उरला नाही. ब्रेक लागून शरीर पुढे गेले काय किंवा वेग घेऊन मागे गेले काय, बोटांना मिटण्याखेरीज दुसरे काही करायचे नव्हते, आणि मूठ आवळणे ही हाताची सर्वांत जुनी, सर्वांत खात्रीची हालचाल आहे. चढवायचे की उतरवायचे, ही निवड दिशेतून निघून बाजूत गेली. पुढे आणि मागे यांत तणावाखाली गल्लत होते, पण उजवा हात आणि डावा हात यांत सहसा होत नाही. अंगठे मोकळे झाले आणि स्टिअरिंग पूर्ण मुठीत घेता येऊ लागले. रेटलेल्या अंगठ्याने चुकून गिअर पडण्याची शक्यताही त्याबरोबर संपली.

स्टिअरिंग फिरल्यावर बाजू बदलण्याची अडचण पॅडलने सुटत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्यावर दोन मते आहेत. एका पद्धतीत पाती स्टिअरिंगच्या खांबाला पक्की असतात आणि स्टिअरिंगबरोबर फिरत नाहीत. फेरारी आणि लॅम्बोर्गिनी तसे करतात, आणि निसान जीटी-आर मध्येही सुरुवातीला तसेच होते. उजवे पाते नेहमी उजवीकडेच सापडते हा त्याचा फायदा, पण हात स्टिअरिंगबरोबर फिरलेले असतील तर पात्यापर्यंत बोट पोहोचत नाही. दुसऱ्या पद्धतीत पाती स्टिअरिंगलाच जोडलेली असतात आणि हातांसोबत फिरतात. पोर्शेने ही पद्धत घेतली. जीटी-आर नेही २०१७ च्या आवृत्तीत पाती खांबावरून काढून स्टिअरिंगवर आणली. नऊ आणि तीनच्या जागेवरून हात न हलवता बहुतेक वळणे घेता येतील इतके स्टिअरिंग तिखट, म्हणजे थोड्या फिरवण्यातच चाके वळवणारे, असेल, तर दुसरी पद्धत सरस ठरते असे माझे मत आहे. ज्या अरुंद वळणात हात एकावर एक घ्यावेच लागतात, तिथे गिअर वळणापूर्वी उतरवून ठेवणे हाच दोन्ही पद्धतींत एकमेव उपाय आहे.

घाटात गाडी चालवणाऱ्या मराठी वाचकाला हा उपाय नवा नाही. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली टाकावा आणि ब्रेक तापू देऊ नयेत, हे तो वडिलधाऱ्यांकडून ऐकत आलेला असतो. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि व्हर्टस या गाड्यांच्या दीड लिटर इंजिनाच्या डीएसजी आवृत्त्यांत आज हीच पाती मिळतात, आणि त्यांचा क्रमही तोच आहे. त्या स्पोर्ट्स कार नव्हेत, पण उतारावर डावे पाते एकदा किंवा दोनदा ओढून इंजिनाचा ब्रेक लावण्याचा उपयोग त्यांतही तितकाच खरा आहे.

पोर्शेमध्ये पुढचे पाऊल २०१३ च्या ९११ जीटी३ मध्ये पडले. ही गाडी केवळ पीडीकेसह आली, तिचे इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत जाई, आणि तिच्यात मधल्या दांड्याची दिशाही उलटवण्यात आली. आता मागे ओढले की गिअर चढे आणि पुढे ढकलले की उतरे, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांप्रमाणे शरीराच्या झुकावाशी जुळणारे. पात्यांचा पल्ला आखूड करण्यात आला. दोन्ही पाती एकदम ओढली की दोन्ही क्लच सुटून चाके इंजिनापासून मोकळी होत, आणि पाती सोडली की क्लच पुन्हा पकडे. ज्या गाडीत क्लचचे पेडलच नव्हते तिच्यात चालकाला क्लच असा बोटांनी परत मिळाला. सरकते स्विच मात्र लगेच गेले नाहीत. २०११ मध्ये आलेल्या ९११ च्या पुढच्या, ९९१ नावाच्या पिढीतही साध्या स्टिअरिंगवर ते होतेच, आणि पॅडल हवी असतील तर वेगळे स्टिअरिंग मागवावे लागे.

त्यामुळे त्या काळातील पीडीके असलेली ९११ किंवा पोर्शेचीच चार दारांची पॅनामेरा आज कोणी वापरलेली म्हणून पाहायला गेले, तर दार उघडताच आधी स्टिअरिंगच्या मागे बोट घालून पाहावे. तिथे पाती असतील तर प्रश्न नाही. सरकते स्विच असतील आणि स्टिअरिंग बदलून घेण्याचा खर्च नको असेल, तर गाडी सोडून देण्याचीही गरज नाही. दोन्ही स्विच दोन्ही कामे करतात, त्यामुळे आपणच त्यांची वाटणी करून घ्यावी: गिअर चढवायचा तो फक्त उजव्या अंगठ्याने ढकलून, आणि उतरवायचा तो फक्त डाव्या तर्जनीने ओढून. डावा अंगठा स्विचवर न ठेवता आऱ्याच्या वर, कडेला टेकवावा, आणि उजवी तर्जनी स्विचच्या मागे न ठेवता इतर बोटांबरोबर स्टिअरिंगच्या कड्याभोवती मिटून घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर ही सवय नेटाने लावून घेतली की उजवा हात चढवतो आणि डावा उतरवतो एवढेच बोटांच्या लक्षात राहते, आणि त्या स्विचवर पुढे काय व मागे काय हे आठवावे लागत नाही.